मोसंबीचं पान पिवळं का पडलं?

जानेवारीत पैठण तालुक्यातून आमच्या मामूंचा फोन आला. सलाम-दुआ झाली आणि त्यांनी एकदम विचारलं, "बाग उपटून टाकू का?" चौदा वर्षांची मोसंबी. याच बागेवर मुलींची लग्नं झाली, धाकट्याची फी भरली गेली. कुणीतरी त्यांना मोबाइलवर उपग्रहाचं चित्र दाखवलं होतं. त्यात बागेचा एक कोपरा लाल दिसत होता. "विषाणू आहे म्हणे. आज कोपरा, उद्या सगळी बाग," मामू म्हणाले.

वाचकहो, भीती खोटी नव्हती. ट्रिस्टेझा नावाचा विषाणू लिंबूवर्गीय झाडांचा जुना वैरी आहे. १९३०-४० च्या काळात त्याने ब्राझील आणि अर्जेंटिनात लाखो झाडं मारली. पोर्तुगीज भाषेत या नावाचा अर्थच उदासी. आपल्याकडच्या जंबेरी आणि रंगपूर लाईम खुंटांवर झाड सहसा एकदम वाळत नाही, पण ते खंगतं, फळं बारीक राहतात. झाडाला एकदा लागण झाली की बरं करणारं औषध नाही.

मग उपग्रहाला काय दिसतं? निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत पाठवतं. झाड आजारी पडलं की हा हिशेब बिघडतो. तो दुरून मोजणं म्हणजेच दूरसंवेदन. छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही पानांचा असा प्रकाश मोजण्याचं संशोधन झालं आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं तर फुकट मिळतात.

पण त्या चित्राचा एक ठिपका जमिनीवर १० मीटर लांब, १० मीटर रुंद असतो. ६ मीटर अंतरावर लावलेली दोन-तीन झाडं त्यात एकत्र मिसळतात. ड्रोन एकेक झाड दाखवतो. तरी दोघांनाही फक्त एवढंच कळतं की झाड त्रासात आहे. त्रास विषाणूचा, डिंक्याचा, जस्ताच्या कमतरतेचा की तहानेचा, हे नुसत्या रंगावरून ठरत नाही. आणि मराठवाड्यात तहान काय असते ते आपण जाणतो. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरने पाणी घालूनही कितीतरी बागा वाळल्या.

म्हणून आम्ही मामूंना विचारलं, "चित्र कधीचं?"

"डिसेंबरातलं."

"आणि आंबे बहाराचा ताण कधी दिला?"

मामू क्षणभर गप्प झाले. ताण डिसेंबरातच दिला होता. पाणी तोडलं की पानं पिवळी पडून गळणारच. तो कोपरा मुरमाड, तिथली जमीन सगळ्यात आधी सुकते.

पाणी सोडल्यावर त्या कोपऱ्यात नवती फुटली. सात झाडं मात्र तशीच राहिली. तेव्हा मामूंनी बागेला हात लावला नाही, फक्त त्या सात झाडांची पानं तपासणीला पाठवायचं ठरवलं. विषाणूचा निवाडा प्रयोगशाळेतच होतो. आभाळातलं चित्र इतकंच सांगतं की आधी कुठल्या झाडाजवळ जायचं, आणि मोठ्या बागेत तेही थोडं नाही.

आता शेवटची गोष्ट, जी उपग्रह सांगू शकत नाही. हा विषाणू मावा पसरवतो, पण त्याहून दूर तो आपणच नेतो, रोगट झाडाचे डोळे भरलेल्या कलमांतून. मामूंनी मागे नांग्या भरायला रस्त्याकडेची स्वस्त कलमं आणली होती. त्या सातांतली पाच तीच आहेत. तुमच्या घरी कुणी मोसंबी लावणार असेल तर कलमाचा भाव विचारण्याआधी डोळे कुठल्या मातृवृक्षाचे, तो तपासलेला आहे का, हे विचारा. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था रोगमुक्त कलमं तयार करते. ती आणायला दोन दिवस जातील, पण पुढची वीस वर्षं मनाला घोर राहणार नाही.

मामूंच्या अहवालाची आम्ही वाट पाहतो आहोत. बाग उभी आहे, अल्हम्दुलिल्लाह.