चेहऱ्याचे मलम : साधे की उंची?

पौषातील कोरड्या थंडीत घमापुरातील पुरुषाचे गाल दाढीनंतर ओढल्यासारखे होतात. जबलपूरच्या बाजारात त्यावर दोन उपाय मिळतात : एक साधे क्रीम, दुसरे त्याच्या कित्येक पट किमतीचे. निवड मात्र किमतीवरून नव्हे, त्वचेच्या रचनेवरून करावयास हवी.

त्वचेचा सर्वांत बाहेरील थर मृत पेशींचा असून तो कागदाहूनही पातळ असतो. त्याला मऊपणा कशाने येतो? १९५२ मध्ये अमेरिकी संशोधक अर्व्हिन ब्लँक यांनी वाळून कडक झालेले त्वचेचे तुकडे तेलात बुडवून पाहिले. ते कडकच राहिले. पाण्याने मात्र मऊ झाले. म्हणजे त्वचेला हवे असते पाणी. तेलकट लेपाचे काम ते उडू न देण्याचे.

पाणी धरून ठेवण्यास ग्लिसरीन आणि ते कोंडून ठेवण्यास पेट्रोलियम जेली पुरेशी होते, आणि दोन्ही स्वस्त आहेत. उंची क्रीमातही पुष्कळदा हीच द्रव्ये असतात. जादा पैसा सुगंध, बाटली आणि जाहिरात यांवर जातो. त्यांतील सुगंध तर उपद्रवीच ठरण्याचा संभव, कारण वस्तरा केसांबरोबर त्या मृत थराचाही काही अंश खरवडतो व उघडी त्वचा झोंबते. उन्हापासून रक्षण करणारे द्रव्य त्यात असेल, तर गोष्ट निराळी. त्याचे दाम देणे योग्यच.

साधे क्रीमही तोंड धुतल्यावर, त्वचा किंचित ओली असतानाच लावावे. ग्लिसरीन घटकांच्या यादीत वर आहे की तळाशी, हे दुकानातच वाचून पाहता येते.