विश्वासाची ठेव

कन्हान नदीच्या काठी वसलेल्या आमच्या खाप्यात जुन्या काळी हातमागावर कापड विणणे हा प्रमुख उद्योग होता. विणकराचे घर हाच त्याचा कारखाना असे. पुष्कळदा सूत व्यापाऱ्याचे आणि मेहनत तेवढी विणकराची. म्हणून घरातील लहान मूलही त्या सुताला उगाच हात लावीत नसे. ते दुसऱ्याचे आहे, आपल्यावर विश्वासून सोपविलेले आहे, हे साऱ्या घराला ठाऊक असे.

आज घर पुन्हा कामाची जागा होऊ लागले आहे. २०२० साली कोरोनाची साथ आली, कचेऱ्या बंद झाल्या आणि असंख्य माणसे घरी बसून संगणकावर काम करू लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारने अशा सेवासंस्थांवरील दूरसंचाराचे नियम शिथिल केले. त्यामुळे लहान गावातील तरुणांनाही घर न सोडता दूरच्या कंपनीत नोकरी करणे सुकर झाले. परंतु त्यांच्या संगणकात कोणा रुग्णाच्या आजाराची नोंद असते, कोणाच्या बँकेतील शिलकेचा हिशेब असतो. हीही परक्याची ठेवच होय. तिच्यासाठी ब्रॉडबँड नुसते वेगवान असून भागत नाही. ते सुरक्षितही असले पाहिजे.

कोणी म्हणेल, ‘एवढ्याशा गावात चोर कशाला येईल?’ हा भ्रम आहे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका घातक प्रोग्रॅमने जगभरातील लाखो कॅमेरे, राउटर व तत्सम यंत्रे ताब्यात घेतली. त्याची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून आलेले पासवर्ड पुष्कळांनी बदललेच नव्हते. तेच एकेक करून लावून पाहताच दारे उघडली. असा प्रोग्रॅम गावाचे नाव विचारीत नाही. सैल कुलूप तेवढे शोधीत फिरतो.

तेव्हा राउटरचा मूळ पासवर्ड बदलून तो लांब व अवघड ठेवावा, त्याच्या प्रोग्रॅममधील सुधारणा वेळच्या वेळी करून घ्याव्या. मात्र सारा भार काम करणाऱ्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. जोडणी देणाऱ्याने ती देतानाच पासवर्ड बदलवून घेतला पाहिजे. कंपनीने आपल्या नोकरास ‘व्हीपीएन’ची सोय करून दिली पाहिजे. तिच्यामुळे घरातून कंपनीपर्यंत मजकूर गुप्त लिपीत जातो. वाटेत कोणी अडविला, तरी त्याला तो वाचता येत नाही.

मुलांनो, तुमच्याकडेही यातील थोडे काम आहे. ताईच्या वा दादाच्या कामाच्या संगणकावर खेळ उतरवून घेऊ नका. घरचा पासवर्ड मित्रांना सांगत सुटू नका. कामाचा संगणक उघडा दिसला, तर त्यांना आठवण करून द्या. त्यांची नोकरी आणि कित्येक अनोळखी माणसांची अब्रू तुमच्या या लहानशा दक्षतेवरही अवलंबून आहे.