‘समजले’ असे वाटणे आणि समजणे



प्रवेश निश्चित झाला की पहिल्या आठवड्यात बहुतेकांची तयारी एकाच दिशेने सुरू होते : मोबाईलचा डेटा वाढवणे, हेडफोन आणणे, व्याख्यानांच्या चित्रफिती उतरवून ठेवणे. यात गैर काहीच नाही. परंतु दूरस्थ शिक्षण घेणारी प्रौढ व्यक्ती मध्येच थांबते, ती केवळ साधनांच्या अभावी, असे मला वाटत नाही. ऐकलेले सर्व समजले या समाधानात अर्धे वर्ष निघून जाते आणि परीक्षेच्या तोंडावर लेखणी हातात घेतल्यावर एक ओळही उमटत नाही. धीर सुटतो तो त्या क्षणी.

एक प्रयोग करून पाहा. स्वनिम या घटकावरील व्याख्यान ऐका. मग फोन पालथा ठेवा, पुस्तिका मिटा आणि स्वन व स्वनिम यांतील फरक पाच ओळींत लिहा. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. लिपीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात. पण पहिल्यातला ‘ज’ आपण ‘जवळ’मधल्यासारखा उच्चारतो, दुसऱ्यातला ‘जीवन’मधल्यासारखा. ऐकताना हे अगदी सोपे वाटते. मात्र हे दोन ध्वनी मराठीत वेगळे स्वनिम का ठरतात, हे लिहू लागलात की तिसऱ्या ओळीला अडखळाल. ते अडखळणे हाच अभ्यास होय.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचल्यावर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे पुढे गेले. विशेष म्हणजे, आपल्या लक्षात राहील असा विश्वास पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

आपल्या मुक्त विद्यापीठाची स्थापना नाशिक येथे १ जुलै १९८९ रोजी झाली, तेव्हा हातात मोबाईल नव्हते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ जायची ती छापील पुस्तिकांतून. वर्गातला शिक्षक मध्येच थांबून ‘सांग पाहू’ म्हणतो. ते काम पुस्तिकेत घटकाच्या मध्ये आलेले प्रश्न करतात. चित्रफीत मात्र आपल्यासाठी थांबत नाही. तिला आपणच थांबवावे लागते. म्हणून ते प्रश्न ओलांडून पुढे जाण्याची सवय मला अतिशय घातक वाटते.

आता वेळेचा प्रश्न. ‘रोज दोन तास’ हा सल्ला वणी परिसरात द्राक्षबागेत राबणाऱ्याला देणे म्हणजे त्याची थट्टाच. ऑक्टोबरातील छाटणी, जानेवारीपासूनची तोडणी, पुढे रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगगडाची यात्रा आणि घरात पाहुण्यांची वर्दळ : आपले वर्ष असे आहे. तेव्हा वेळापत्रक आपल्या कामाच्या हंगामांवरून आखा. जड घटक पावसाळ्यात उरका. तोडणीच्या दिवसांत रात्री न पाहता लिहिलेल्या दहा ओळी पुरेत. पण त्या चुकवू नका.

घरातही हे स्पष्ट सांगून ठेवा. सून मोबाईल घेऊन बसली की ती वेळ घालवते आहे असेच घराला दिसते, मग ती व्याख्यान का ऐकत असेना! समोर वही असली की निदान हाक मारणारा क्षणभर विचार करतो. हे खरे तर अन्यायाचे आहे. तरीही वही उघडी ठेवा.

आपल्या बोलीविषयीचा संकोच प्रथम काढून टाका. कळवण-बागलाणकडे अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा; गडाच्या वाटेवर खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांच्या तोंडी ‘आहे’ऐवजी ‘शे’ ऐकू येते. ही अशुद्ध मराठी नव्हे; भाषाविज्ञानाची सामग्री आपल्या दारात आलेली आहे. मात्र उत्तरपत्रिकेतील प्रमाण लेखन हे वेगळे कौशल्य आहे आणि ते कानांनी येत नाही. घटक समजून घेताना पहिला मसुदा हवा तर घरच्या बोलीत लिहा, मग तोच प्रमाण मराठीत उतरवा. दोन्हींत काय बदलले याची नोंद केलीत, तर बोली आणि प्रमाणभाषा या घटकासाठी स्वतःची उदाहरणे आयतीच जमतील.

ती वही संपर्कसत्राला सोबत आणा. खोडलेल्या ओळी संमंत्रकांना दाखवताना लाजू नका. तुमचा विचार नेमका कोठे अडला ते त्या ओळींवरूनच आम्हाला कळते. कोरे पान पुढे ठेवून ‘सर्व समजले आहे’ म्हणालात, तर आम्हाला विचारण्यासारखे काहीच उरत नाही.