पहिल्या सेल्फचा धूर

थंडी पडू लागली की जुन्नर-आंबेगावच्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते: सकाळी सेल्फ मारला की गाडी धूर मारते. निमगाव सावाचा शेतकरी टोमॅटो किंवा कांदा भरलेली पिकअप पहाटे सुरू करतो, तेव्हा धूर अंगणभर पसरतो. गाडी दाखवायला तो नारायणगाव किंवा आळेफाटा गाठतो, तोवर इंजिन तापलेले असते आणि धूर गायब झालेला असतो. मिस्त्री ॲक्सिलरेटर देऊन पाहतो; काही दिसत नाही. मग ‘चालू द्या’ किंवा ‘इंजिन खोलावे लागेल’ यांपैकी एक उत्तर मिळते. दोन्ही उत्तरे तपासणीविना दिलेली असतात आणि भुर्दंड मालकाला बसतो.

थंड इंजिनाचा दोष थंड इंजिनावरच सापडतो. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच ठेवून घ्यावी आणि सकाळचा पहिला सेल्फ मिस्त्रीने स्वतः, शटर पूर्ण उघडून, मारावा. पीयूसीवर विसंबण्यात अर्थ नाही. ती चाचणी तापलेल्या इंजिनावर होते, त्यामुळे सकाळचा धूर तिच्या तावडीत सापडतच नाही.

आधी निर्दोष धूर बाजूला काढावा. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी तयार होते. डिसेंबरच्या सकाळी थंड सायलेन्सरमध्ये त्याची वाफ दिसते, दोन-चार थेंबही टपकतात. ही वाफ हवेत लगेच विरते, तिला वास नसतो. त्यासाठी पाना हातात घेण्याची गरज नाही.

पांढरा धूर दाट असेल, हवेत रेंगाळत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरते आहे. इथे एक चाचणी फार उपयोगी पडते. संध्याकाळी रेडिएटरला प्रेशर टेस्टर लावून टोपणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरावी आणि गाडी रात्रभर तशीच सोडावी. सकाळी सगळे प्लग काढून सेल्फ मारला की ज्या छिद्रातून कूलंटचा फवारा उडेल, तो सिलिंडर दोषी. प्लग न काढता सेल्फ मारला आणि सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असले, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

डिझेल गाडीत पांढऱ्या धुराने डोळे चुरचुरत असतील तर ते न जळलेले डिझेल असते. पंप आणि नोझल उतरवण्याआधी हीटर प्लग तपासावेत. मल्टिमीटरवर चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो. रीडिंगच आले नाही तर तो जळालेला आहे. प्लग चांगले निघाले तर रिले आणि वायरिंग पाहावे. एवढे पाहून झाल्यावरच नोझल, टायमिंग आणि कॉम्प्रेशनकडे वळावे.

निळ्या धुरापायी सर्वांत जास्त इंजिने विनाकारण खोलली जातात. रात्रभर उभ्या गाडीत हेडमधले ऑइल कडक झालेल्या वॉल्व्ह सीलमधून गाइडच्या कडेने झिरपते. पहिल्या सेल्फला निळसर लोट निघतो आणि थोड्या वेळात निवळतो. पेट्रोल गाडी माळशेज घाट खालच्या गिअरमध्ये उतरली आणि पायथ्याला ॲक्सिलरेटर देताच निळा धूर आला, तरी संशय सीलवरच घ्यावा. उतारावर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम ऑइल ओढून घेतो. रिंगा गेल्या असतील तर धूर निवळत नाही, लोडवर वाढतो आणि ऑइलच्या टोपणातून वारा फुंकतो. कॉम्प्रेशन आधी कोरडे घ्यावे, मग सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्यावे. दाब चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर. तेवढाच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. ऑइल जादा भरले आहे का आणि ब्रीदर चोंदला आहे का, हे त्याही आधी पाहावे.

सील बदलायला अनेक इंजिनांत हेड उतरवावे लागत नाही. पिस्टन वर आणून गाडी गिअरमध्ये ठेवावी, प्लगच्या छिद्रातून कॉम्प्रेसरची हवा भरून वॉल्व्ह जागेवर धरावेत आणि स्प्रिंग दाबून लॉक काढावेत. जुने सील बोटांत दाबले की प्लॅस्टिकसारखे टणक लागते आणि त्याची धार झिजून गुळगुळीत झालेली दिसते. नायट्राइल रबर साधारण १२० अंशांपर्यंत टिकते, व्हिटॉन २०० अंशांच्या आसपास. किमतीतल्या थोड्या फरकासाठी नायट्राइल घालू नये.

काळ्या धुराची सुरुवात एअर फिल्टरपासून करावी. मग टर्बोचे होज, ईजीआर आणि इंजेक्टर. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. त्या डिझेल गाड्यांत काजळी डीपीएफमध्ये अडते. अशी गाडी काळा धूर मारत असेल तर डीपीएफ फुटला आहे किंवा कोणी तो काढून टाकला आहे.

नारायणगाव, आळेफाटा, मंचर या पट्ट्यातल्या गॅरेजांनी या हिवाळ्यात जॉबकार्डावर चार नोंदी सुरू कराव्यात: धुराचा रंग, वास, तो किती वेळ टिकला आणि गाडी किती तास उभी होती. लांबच्या गावातला मालक गाडी रात्रभर ठेवू शकत नसेल, तर त्याला सकाळच्या पहिल्या सेल्फचा व्हिडिओ काढून आणायला सांगावे. अशा नोंदी मॉडेल, किलोमीटर आणि शेवटी सापडलेल्या दोषासह मासिकाकडे पाठवाव्यात. त्या पुढील अंकांतून छापल्या जातील.