मीटर गेजचे लाड

इंदूरला गेलात की सराफ्यात खाऊन तसंच परत फिरू नका, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगते. एक दिवस जास्त काढा आणि महूच्या पुढे पातालपानी गाठा. तिथून कालाकुंडपर्यंत मीटर गेजची हेरिटेज ट्रेन आहे, २५ डिसेंबर २०१८ला सुरू झालेली. (मोसमानुसार चालते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.) अंतर जेमतेम साडेनऊ किलोमीटर, पण घाट कसला! चाळीस फुटांमागे एक फूट उतार. बोगदे, मोठ्या काचांचे डबे, खाली उतरलं की पानात बांधलेला कलाकंद. पावसाळ्यात तर एकदम फिल्मी.

डब्यात सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. मी इंजिन बघायला पुढे गेले. वायडीएम-४. वाय म्हणजे मीटर गेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आलं, मग वाराणसीत बनायला लागलं. लोक हात लावून बघत होते, पोरं त्याच्यासमोर पोझ देत होती. मला गंमत वाटली. कारण हेच इंजिन आमच्या बाजूला येत होतं तेव्हा कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं.

आमची बाजू म्हणजे बुलढाण्याचा उत्तर टोकाचा पट्टा, सातपुड्याच्या पायथ्याचा. महूची ही लाइन पुढे खंडव्याहून मेळघाट ओलांडून अकोल्याला यायची. धुळघाटला तर रूळ वळसा घालून स्वतःच्याच डोक्यावरून जायचे! सोनाळ्याची माझी मावशी हिवरखेडला जाऊन ही गाडी पकडायची. खिडकीतून जंगल बघितलंस का, असं एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘बाई, बसायला जागा मिळाली की डोळे मिटायचे.’ १ जानेवारी २०१७पासून ती गाडी बंद झाली.

आता रेल्वेवेडे मित्र म्हणतात, धुळघाटलाही कालाकुंडसारखी हेरिटेज ट्रेन काढा. आयडिया कुणालाही आवडेल अशीच आहे, मलाही क्षणभर आवडली. पण जुन्या मार्गाचे सुमारे ३८ किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातात. म्हणूनच ब्रॉड गेज जंगलाबाहेरून, सोनाळा-जामोदच्या बाजूने न्यावी अशी मागणी झाली. २०२१मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी रेल्वेमंत्र्यांना तसं पत्रही लिहिलं. अंतर वाढतं, खर्च वाढतो, हे खरं. पण संग्रामपूर आणि जळगाव जामोद या दोन तालुक्यांना पहिल्यांदाच रेल्वे मिळते. एवढ्यासाठी वाघांनी धुळघाटचा वळसा स्वतःकडे ठेवला तर माझी काही तक्रार नाही.

महूला वेगळं गणित आहे. तो घाट ब्रॉड गेजला फारच खडा, म्हणून नवा मार्ग दुसरीकडून आखला आणि हा तुकडा पर्यटकांसाठी उरला. तिथे लाड करायला हरकत नाही, जरूर करा.

आमच्याकडे अकोला-अकोट ब्रॉड गेज २०२२मध्ये सुरू झाली. त्याच्या पुढचं मावशी दर दिवाळीला विचारते. रेल्वेने कुठे जायचं तर तिला अजूनही आधी एसटीने शेगाव गाठावं लागतं.