सयाजीरावांच्या आठवणी आणि रिकाम्या खुर्च्या

रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांवरील आठवणींचे पुस्तक पुन्हा छापले गेले आणि गणेशोत्सवाच्या शिलकीतून आपण त्याच्या प्रती मागवल्या. त्यावरून मंडळाच्या सर्वसाधारण सभेत खडाजंगी झाली. तेवढ्या पैशांत गाण्याचा कार्यक्रम झाला असता, असे काहींचे म्हणणे. राजाच्या पदरी असलेल्याने लिहिलेले राजाचे कौतुक काय वाचायचे, असे दुसऱ्या काहींचे. दोन्ही मतांचा समितीला आदर आहे, पण निर्णय योग्यच होता.

सरदेसाई १८८९ साली बडोद्यात नोकरीला लागले ते महाराजांचे वाचक म्हणून. पुस्तके वाचून दाखवायची, टिपणे काढायची. त्याच टिपणांतून पुढे ‘रियासती’ हे त्यांचे इतिहासग्रंथ उभे राहिले. तीस-पस्तीस वर्षे इतक्या जवळून राजा पाहिलेला दुसरा मराठी इतिहासकार आम्हाला तरी ठाऊक नाही. पदरी होते म्हणूनच त्यांना हे दिसले.

आणि राजा तरी कसा! नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक गेला, १८८१ मध्ये कारभार हाती आला आणि १८९३ मध्ये त्याने अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९०६ मध्ये ते संस्थानभर झाले. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड होई. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. जयंत्या कोणाच्या करायच्या, या मंडळातल्या जुन्या वादात आम्हाला शिरायचे नाही. हे पुस्तक कोणा एका बाजूचे नाही, एवढे मात्र नक्की.

१९१० मध्ये ग्रंथालयांची घडी बसवायला महाराजांनी बोलावलेले विल्यम बॉर्डन तर आपल्या शेजारच्या न्यू हेवनचे! वाचनालय नव्हते अशा खेड्यांतही पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. आपल्याकडे पुस्तके दारात आली, तरी या पुस्तकावर ठेवलेल्या चर्चेच्या दिवशी निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या. बर्फाचे कारण सांगण्यात आले. पुढच्याच शनिवारी नाटकाला हॉल भरला, तेव्हाही बर्फ होताच. याचे समितीला मनापासून वाईट वाटते.

चर्चा पुन्हा ठेवत आहोत. प्रती रविवारी मराठी शाळा सुटल्यावर मिळतील. घरटी एक प्रत, वहीत नाव व फोन लिहून, महिन्याच्या बोलीवर. पानांवर पेनने खुणा करू नयेत. मुलांना देवनागरी जड जात असेल, तर शिक्षणावरचा भाग आईवडिलांनी मोठ्याने वाचून दाखवावा. ज्यांचा खरेदीला विरोध होता त्यांनी अवश्य यावे, सुरुवातीला त्यांनाच बोलायला वेळ देऊ. चहा-बटाटेवड्यांचा अंदाज घ्यायचा आहे, तेव्हा किती जण येणार ते आदल्या बुधवारपर्यंत चिटणिसांना कळवावे. खुर्च्या मांडायला चार जण तासभर आधी हवे आहेत.