मुलाखतीनंतरचे मौन

‘आम्ही कळवू,’ हे शब्द ऐकून मुलाखतीच्या खोलीबाहेर पडलेला उमेदवार पुढे कित्येक आठवडे कशाची वाट पाहत असतो? नोकरीची तर खरीच; पण ती मिळणार नसेल तर निदान नकाराची. तोही त्याच्या वाट्याला येत नाही. तालुक्याच्या गावाहून पुण्या-मुंबईला येणारा तरुण प्रवासखर्च पदरचा करतो, हातची रोजंदारी बुडवितो, दोन-तीन वेळा बोलावले तरी निमूटपणे हजर होतो आणि अखेरीस त्याच्या पदरी मौन पडते.

या मौनाला केवळ असभ्यपणा म्हणणे म्हणजे प्रश्न सोपा करून टाकणे होय. हे मौन मालकाच्या सोयीचे असते. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराने पगारावरून माघार घेतली, तर दुसरा हाताशी असावा, म्हणून त्याला स्पष्ट नकार दिला जात नाही. मार्क्सने जिला श्रमिकांची राखीव फौज म्हटले, तिच्यातील शिपाई असा बिनपगारी पहाऱ्यावर उभा ठेवला जातो.

हजारो अर्ज येतात, उत्तरे कोणाकोणाला देणार, असा बचाव केला जातो. परंतु प्रश्न हजारो अर्जदारांचा नसून समोर बसवून ज्यांची उलटतपासणी केली, त्या मोजक्यांचा आहे.

उत्तराला मुदत असावी, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. 1977 च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्याला 15 दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, हे तत्त्व मान्य केले. याउलट 1959 च्या केंद्रीय कायद्याने 25 वा अधिक नोकर असलेल्या खाजगी आस्थापनांनाही रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळविण्याचे बंधन घालता येत होते. मुलाखत दिलेल्या उमेदवाराला निर्णय कळविण्याचे मात्र नव्हते. जागा रिकामी असल्याचे सरकारला कळावे, ती भरल्याचे उमेदवाराला कळू नये! कॅनडातील ओंटारियो प्रांतात 1 जानेवारी 2026 पासून तेवढ्याच आकाराच्या मालकांना, जाहीर केलेल्या जागेबाबत निर्णय झाला की नाही, हे शेवटच्या मुलाखतीपासून 45 दिवसांत उमेदवाराला कळवावे लागते. तेथे जे शक्य आहे, ते येथे अशक्य का मानावे?

तोवर तरुणांनी निघतानाच निर्णयाची तारीख विचारून घ्यावी, ती उलटल्यावर एकदा लेखी विचारणा करावी, आणि तरीही उत्तर न आल्यास पुढच्या अर्जाला लागावे. मौन हा त्यांच्या लायकीचा निकाल नव्हे. मात्र एकेकट्याने सोसण्याची ही रीत म्हणजे उपाय नव्हे. ठराविक मुदतीत लेखी उत्तर मिळणे हा उमेदवाराचा हक्क आहे, ही मागणी युवक व कामगार संघटनांनी हाती घेतली पाहिजे. काम देणे मालकाच्या मर्जीवर असेल. माणसाला उत्तर देणे तरी त्याच्या मर्जीवर राहू नये.